न आलेल्या मशीनचा इसार

या आठवणी लिहायला घेतल्या तेव्हा हे प्रकरण त्यांत नव्हतं. मॅट्रिकवरून मी थेट नोकरीवर उडी मारली होती आणि मधला काळ ‘सौंसरला घरीच होतो, संत्र्यांचा बगीचा पाहत होतो’ अशा एका ओळीत उरकला होता. मुलीनं ते कागद वाचले आणि विचारलं, बाबा, या काळात काहीच घडलं नाही का? मी नाही म्हणालो. या वयातही तो नकार माझ्या तोंडून इतका गुळगुळीत निघाला की तिची पाठ वळल्यावर मला स्वतःची शिसारी आली. हेच तोंड तेव्हाही असंच न अडखळता चाललं होतं. बायकोला मी हे कधी सांगितलं नाही. चार लोकांत बसलो असताना जवळच्या पांढुर्णा गावाचा विषय निघाला की मी उठून चहाचं पाहतो. सांगण्यासारखं मोठं काही नाही, असं मनाला समजावत आलो. कोणाचा जीव गेला नाही, कोणाचं घर जळलं नाही. एक सायकल गेली आणि टीव्हीवर खेळायची एक मशीन आली नाही. पण हे ज्या रीतीनं घडलं ती रीत घाण होती, आणि ती घाण माझी होती.

आमचं घर नागपूर-छिंदवाडा रस्त्यावरच्या सौंसरला, बाजारामागच्या गल्लीत आणि बगीचा बोरगावच्या रस्त्याला. घरात बाबा, माय, मी आणि माझ्याहून लहान दोन बहिणी. घरात बारा महिने संत्र्यांचा वास असे, पण लोक समजतात तसा तो गोड नव्हे. मागच्या खोलीत पेट्यांच्या फळ्या, तणस, आणि फळ्यांच्या मागं कुठेतरी निसटून पडलेलं, हिरवी बुरशी चढलेलं एखादं फळ. फळांची तोड सुरू झाली की सकाळपासून पेट्यांना खिळे ठोकण्याचा आवाज, आणि त्याच्यावर आवाज काढून बोलायची सगळ्यांना सवय लागलेली. तोड संपल्यावरही आमच्याकडे कितीतरी दिवस लोक ओरडूनच बोलत. माय ज्वारीच्या भाकरी थापायची, कढीगोळे करायची, आणि अंबाडीची भाजी असली की बाबा ताट दुसऱ्यांदा पुढं सारत. झाडाखाली गळून पडलेली फळं, म्हणजे पडीचा माल, हा पोरांचा हक्क. मी आणि माझा मित्र अशोक तो माल पोत्यात भरून शनिवारी जामसांवलीला नेत असू. हनुमानाच्या दर्शनाला आलेली माणसं उन्हानं कोरडी पडलेली असत, फळ चांगलं की वाईट हे पाहायची त्यांना शुद्ध नसे. अशोक हाळी द्यायचा, आणि किडकं फळ तळहातानं झाकून वजनात घालायचं काम माझं. तेव्हापासूनच माझं होतं, हे आता लिहिताना ध्यानात आलं.

आमच्याकडे बगीच्याचा सौदा फळ हिरवं असतानाच होतो. काटोलकडचा व्यापारी यायचा, बाबांबरोबर रांगारांगांतून हिंडायचा, एखादी फांदी उचलून तिचा भार पाहायचा, आणि सौदा पटला की इसार द्यायचा. बाकीची रक्कम तोडीच्या वेळी. मधल्या काळात फळांची गळ झाली, गारा पडल्या, भाव पडला, तर ज्याचं त्याचं नशीब. व्यापारी स्वतःहून मागं हटला तर इसार बुडाला, तो परत मागायचा नाही. आणि एकदा इसार घेतला की फळ त्याचं. मग दुसरा कोणी दुप्पट भाव घेऊन दारात उभा राहिला तरी बाबा त्याला पाणी पाजून वाटेला लावत. एका साली व्यापाऱ्याजवळ रोकड कमी पडली. त्यानं मनगटावरचं घड्याळ काढून बाबांच्या हातावर ठेवलं. तोडीपर्यंत ते घड्याळ आमच्या बैठकीत खिळ्याला टांगलेलं होतं. बाबांनी ते एकदाही हाताला बांधलं नाही. बंद पडू नये म्हणून माय रोज दिवा लावल्यावर त्याला चावी द्यायची, आणि व्यापारी पैसे घेऊन आला तेव्हा ते चालू हालतीत परत गेलं.

अशोक हे सगळं ओसरीत बसून पाहत होता. ओसरीत, कारण तो बौद्धांच्या घरचा, विहाराजवळच्या वस्तीतला, आणि त्याचा चहाचा कप माय वेगळा ठेवायची. तो कप कोनाड्यात पालथा असे. चहा पिऊन झाला की अशोक तो स्वतःच धुऊन जागेवर ठेवायचा. याबद्दल आम्ही दोघं कधी बोललो नाही. त्याच्या घरी मात्र मी चुलीपाशी मांडी घालून जेवत असे. त्याचे वडील तहसिलात चपराशी होते, आई नव्हती, आणि घर चालवायची ती त्याची मोठी बहीण सुलोचनाताई. बोरगावच्या पुढं आत एक खेडं आहे, तिथल्या शाळेत ती शिकवायला जात असे. नोकरी कच्ची होती, दर साली पुढं चालू ठेवायची की नाही ते वरून ठरायचं. पहिल्या पगारातून पैसे बाजूला टाकत टाकत तिनं एक लेडीज सायकल घेतली होती. मागच्या चाकावर साडी अडकू नये म्हणून जाळी, आणि सीटवर तिनंच विणलेलं हिरव्या लोकरीचं कव्हर. सकाळी आम्ही दात घासत असताना तिची घंटी गल्लीतून जायची आणि माय म्हणायची, मास्तरीणबाई गेली, उठा आता. ओसरीतल्या कपाची मालकीण असलेली माझी मायच हे कौतुकानं म्हणायची. माणसात दोन्ही एकदम असतं.

गल्लीत पहिला टीव्ही आमच्याकडे आला. तो लावायला पांढुर्ण्याहून एक माणूस आला होता. स्टेशनकडे त्याचं दुकान होतं. रेडिओ-टीव्हीची दुरुस्ती आणि लग्नकार्यात व्हिडिओ भाड्यानं देणं. सगळे त्याला व्हिडिओवाला म्हणत. नाव मी लिहीत नाही; सांगायचा ते नाव खरं नव्हतंच, असं पुढं कळलं. केसांना तेल, अर्धं बोलणं हिंदीत आणि वाक्यावाक्याला मुंबई. कौलांच्या वर लांब पाइप उभा करून त्यानं नागपूरचं चित्र पकडलं. पडद्यावरच्या मुंग्यांतून बातम्या देणारी एक बाई वर आली, तिला पाहून माय पदर सावरून बसली. मग त्यानं पिशवीतून एक काळा डबा काढला आणि त्याची वायर टीव्हीला जोडली. पडद्यावर दोन पांढऱ्या दांड्या आणि एक ठिपका. ठिपका दांडीला लागला की टुक, कडेला लागला की टॉक. बस. पण तोवर टीव्ही म्हणजे दुसऱ्यानं दाखवायचं आणि आपण पाहायचं. इथं पडद्यावरची दांडी आपल्या हातानं हलत होती. गल्ली लोटली. माय एक दांडी हलवत बसली आणि चुलीवरच्या भाकरीचा कोळसा झाला. बाबा बगीच्यातून आले, दारातच थांबले, जरा वेळ पाहिलं आणि म्हणाले, “हे काय पाहून राह्यले तुम्ही सारे? याच्यापेक्षा भिंतीवरची पाल बरी. ते माशी तरी पकडते.” सगळे हसले, व्हिडिओवालाही हसला, आणि डबा पिशवीत घालून निघून गेला. माझ्या कानांत टुक आणि टॉक राहिलं. जेवताना राहिलं, झाडांना पाणी सोडताना राहिलं.

पुढच्या वेळी तो पाइप सरळ करायला आला तेव्हा मला बाजूला घेऊन म्हणाला, हा डबा जुना झाला. आता नवी मशीन येऊन राहिली आहे, रंगीत, कॅसेट बदलली की खेळ बदलतो. विमानं, रणगाडे, मोटारी. दाखवायला त्याच्याजवळ एक चकचकीत कागद होता, घड्या घालून घालून मध्येच फाटलेला. त्यावर एक गोरा पोरगा तोंड उघडं टाकून टीव्हीकडे पाहत होता. टीव्हीवर काय आहे तो भाग नेमका फाटलेल्या घडीत गेला होता. माल मोजकाच येणार, आधी बुकिंग करेल त्यालाच, आणि पोळ्याच्या आत घरपोच. पडीच्या मालाचे साठवलेले सगळे पैसे मी त्याच्या हातात ठेवले. इसार दिला, आता मशीन माझी, असंच मी धरून चाललो. ही चूक आमच्या भागातल्या पोरालाच सुचावी. इसार घेणारा बांधला जातो तो त्याची झाडं जमिनीत उभी असतात म्हणून. बाबा व्यापाऱ्याला टाळून बगीचा खांद्यावर घेऊन जाणार कुठं? या माणसाजवळ जमिनीत उभं असं काहीच नव्हतं. एक भाड्याचं शटर होतं.

माझा नातू पुण्याला असतो. परवा त्यानं फोनवर मोठ्या आनंदानं सांगितलं की त्यानं कुठलासा खेळ प्री-ऑर्डर केला आहे, तो अजून तयार व्हायचा आहे, पण पैसे आधी भरले म्हणून त्याच्या खेळातल्या शिपायाला वेगळ्या रंगाचं चिलखत मिळणार. मी विचारलं, खेळ वाईट निघाला तर? म्हणाला, निघतो कधी कधी, मागचा अर्धवटच आला होता, महिनाभर चालतच नव्हता, मग त्यांनी दुरुस्त्या पाठवल्या. मग पुन्हा आधी पैसे का भरले? तो हसला. व्यापारी हिरवं फळ अडवून ठेवतो ते मला समजतं, कारण झाडाला लागलीत तेवढीच संत्री असतात. ज्याला गळ नाही, जे कितीही जणांनी घेतलं तरी संपत नाही, ते आधी अडवून ठेवायचं कशासाठी? मला तो फाटक्या घडीचा कागद आठवला आणि तोंड कडू झालं. तुमच्या वेळी असं होतं का आजोबा, असं त्यानं विचारलं. आमच्या वेळी असलं काही नव्हतं, असं मी त्याला सांगितलं.

पोळा आला आणि गेला, करंज्या संपल्या, मशीन आली नाही. मी बसनं पांढुर्ण्याला गेलो. व्हिडिओवाला दुकानात भिंतीला पाठ लावून पेरू खात होता. मी पैसे परत मागितले. त्याला राग आला नाही, उलट गंमत वाटली. “इसार कोई वापस माँगता है क्या?” तो म्हणाला. “तुम संतरेवाले हो, तुमको क्या समझाना.” मग खाली बसवून सांगू लागला की वरची पार्टी माल अडवून बसली आहे, सौंसरची एकच बुकिंग आहे, एका मशीनसाठी कोण माल पाठवतो, दुसरी बुकिंग आण, दोन्ही आठवड्यात येतात. बोलताना तो पेरूच्या बिया जिभेनं दातांतून काढत होता आणि माझ्याकडे पाहतही नव्हता. मागं लाकडी मांडणीवर पोटं फाडलेले रेडिओ होते, त्यांच्यावर धूळ होती, आणि नवीन मशीन येणार असलेल्या दुकानाची कोणतीच खूण तिथं नव्हती. मला त्याच वेळी कळलं. पुढं पुष्कळ वर्षं मी स्वतःला सांगत आलो की मला शंका आली होती. शंका नव्हे. मला कळलं. आणि परतीच्या बसमध्ये बसल्या बसल्या मी दुसरी बुकिंग कोणाची आणावी हे ठरवत होतो. तो खोटा आहे हेही खरं होतं, आणि दुसरा इसार मिळाला तर निदान माझ्यापुरतं तो काहीतरी करेल असाही एक हिशेब डोक्यात चालला होता. दुसऱ्या कोणाचं काय होईल, हा विचार त्या बसमध्ये मी एकदाही केला नाही.

अशोक मॅट्रिकला नापास झाला होता, पण त्याचा हात रेडिओत बसला होता. वस्तीतले बंद ट्रान्झिस्टर तो उघडायचा आणि बहुतेक वेळा चालू करून द्यायचा. नवीन मशीन आली की खेळून झाल्यावर आपण ती खोलू, आत काय आहे पाहू, असं तो म्हणायचा. मला खेळायचं होतं आणि त्याला खोलायचं होतं. मी त्याला सांगितलं की एक मशीन पांढुर्ण्याला आली आहे, दुसरीही आठवड्यात येते, दोन्ही बरोबर देणार, फक्त तुझा इसार पाहिजे. त्याच्याजवळ पैसे नव्हते. त्याच्या वाट्याची पडीच्या मालाची रक्कम तो घरात देत असे. तो विचार करत बसला आणि मग त्याला आमच्या बैठकीतलं ते घड्याळ आठवलं. पैशाऐवजी वस्तू, ताईची सायकल, ठेवली तर चालेल का, असं त्यानं मला विचारलं. चालेल म्हणालो.

त्याच संध्याकाळी मी त्याच्या घरी गेलो. सुलोचनाताई चुलीपुढं बसून वालाच्या शेंगा सोलत होती. अशोकनं सगळं तिला आधीच सांगितलं होतं. तिला त्या खेळाचं काही नव्हतं. पण मशीन समोर असली तर हा पोट्टा काहीतरी शिकेल, नागपूरला कुठं दुरुस्तीच्या कामाला लागेल, असं तिच्या मनात आलं होतं. पगार झाला की बाकीची रक्कम देऊन सायकल सोडवून आणू, तेवढे दिवस मी पायदळ जाईन, असं तिनं ठरवूनही टाकलं होतं. फक्त एक गोष्ट तिला माझ्याकडून पाहिजे होती. शेंगा बाजूला सारून तिनं माझ्याकडे सरळ पाहिलं.

“मनोहर, तुह्या डोळ्यानं पाहिली का रे मशीन?”

“हाव ताई, पाहिली.”

“खरंच पाहिली?”

“लाल रंगाची आहे. हात बी लावून पाहिला.”

तो लाल रंग कुठून आला ते मला अजून कळलेलं नाही. तिनं मागितला नव्हता. नुसतं हो म्हटलं असतं तरी भागलं असतं. मी वर रंग दिला, हात लावला. “मग ठीक आहे,” ती म्हणाली, “तू पाहिली म्हणजे झालं,” आणि मला जेवून जायला सांगितलं. वालाची भाजी, भाकर, वर कच्चं तेल घातलेली चटणी. मी दोन वेळा मागून घेतलं. एक गोष्ट अजून लिहायला पाहिजे, नाहीतर एवढं लिहिलेलंही वाया जाईल. आमच्या गल्लीतल्या दुसऱ्या कोणत्या घरी मी हे असं धडधडीत बोललो असतो का? नाही. तिथं बाबांच्या कानावर गेलं असतं. विहाराजवळच्या वस्तीतून आमच्या बैठकीपर्यंत बोलणं पोहोचत नाही, हे मला न शिकवता माहीत होतं. ते घर मला खोटं बोलायला सोपं वाटलं.

सायकल मीच नेली. अशोकनं बरोबर येऊ नये म्हणून त्याला जामसांवलीला माल घेऊन पाठवलं. बसच्या टपावर ती चढवताना कंडक्टर म्हणाला, बायकोची का बे? लोक हसले. व्हिडिओवाल्यानं सायकल दुकानात घेतली, घंटी वाजवून पाहिली, आणि म्हणाला, अब देखो कैसे आती है मशीन.

त्यानंतरचे दिवस पावसाचे होते, परतीचा पाऊस, दुपारनंतर एकदम कोसळणारा. गल्लीतून घंटी जाईनाशी झाली. माय म्हणाली, मास्तरीणबाईची सायकल मोडली वाटतं. सकाळी मी बगीच्यात जायचो तेव्हा ताई त्याच रस्त्यानं चाललेली असायची, चपला हातात, साडी जरा वर खोचलेली, पिंढऱ्यांवर काळा चिखल. ती दुरून दिसली की मी कुंपणाआड सरकायचो आणि ती पुढं जाईपर्यंत एखाद्या झाडाची मुळी पाहत असल्यासारखा ओणवा राहायचो. एकदा तिनं मला पाहिलंच. हात वर करून विचारलं, काही खबर? मी म्हणालो, येऊन राह्यली ताई, रस्त्यातच आहे. ती मान हलवून चालू लागली.

मग मी एकदा पांढुर्ण्याला जाऊन आलो. स्टेशनसमोर भाड्याच्या सायकलींचा ठिय्या होता. त्या रांगेत ती उभी होती. सीटवर हिरवं कव्हर, मागं जाळी, आणि मागच्या मडगार्डवर पांढऱ्या रंगात भाड्याचा नंबर रंगवलेला. रंग अजून ताजा होता. मी पाहत असताना एक माणूस आला, त्यानं सीटवर थाप मारली आणि टांग टाकून निघून गेला. आमच्या घरात परक्याचं घड्याळ कोणी हाताला बांधलं नव्हतं. मी दुकानात गेलो. मी मोठ्यानं काही बोललो असेन, कारण दुकानात दुसरी दोन माणसं होती आणि व्हिडिओवाल्यानं मला दंडाला धरून मागच्या खोलीत नेलं. मांडणीखालून तो जुना काळा डबा काढला, दोन दांड्यांचा, वर्तमानपत्रात गुंडाळला आणि माझ्या हातात दिला. “ये रख ले,” तो म्हणाला. “तेरा तो हो गया ना.”

मी तो घेतला. कोणी माझा हात धरून ठेवला नव्हता. त्याच दिवशी घरी येऊन बाबांना सांगितलं असतं, तर बाबा मला झोडपून दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्याला गेले असते, आणि त्यांच्या आवाजानं सायकल परत आली असती. त्या ठिय्यावरची सायकल ओढून आणायला फार मोठा माणूस लागत नव्हता. मी तो डबा पोटाशी धरून बसमध्ये बसलो. मागच्या खोलीत पेट्यांच्या फळ्यांखाली लपवला, आणि दुपारी माय शेजारी गेली, बहिणी शाळेत असल्या, की टीव्हीला जोडून, आवाज अगदी बारीक करून, एकटा दोन्ही दांड्या खेळत असे. डाव्या हातानं एक, उजव्या हातानं दुसरी. टुक, टॉक. बोटांना त्या खोलीतल्या सडक्या संत्र्याचा वास लागलेला असायचा. असलं सुख मी घेतलं आहे.

ताईचा पगार झाला त्या दिवशी अशोक पैसे घेऊन पांढुर्ण्याला गेला. शटर बंद होतं. बाजूच्या पानवाल्यानं सांगितलं, दोन दिवस झाले, सामान गाडीत घालून गेला. भाड्याच्या ठिय्यापर्यंत अशोक गेलाच नाही. सायकल दुकानातल्या सामानाबरोबर गेली असं त्यानं धरलं, आणि मी त्याला वेगळं काही सांगितलं नाही. त्याच्या वडिलांनी त्याला अंगणात, वस्तीसमोर, चपलेनं मारलं. बहिणीची सायकल खेळापायी घालवली, असं ते मोठमोठ्यानं म्हणत होते. अशोकनं माझं नाव घेतलं नाही. लपवायचं म्हणून नव्हे. मीही त्याच्यासारखाच फसलो आहे असं तो समजत होता. पुढं थोड्याच दिवसांत शाळेच्या तपासणीला साहेब आला. आदल्या दिवशीच्या पावसानं वाट चिखलात गेलेली, ताई पायी, अजून वाटेतच, पोरं व्हरांड्यात आणि दाराला कुलूप. पुढच्या महिन्यापासून तिथं दुसरी बाई आली. ताईनं पुन्हा कुठं शिकवलं नाही. तिचं लग्न छिंदवाड्याकडे झालं. अशोक त्याआधीच नागपूरला निघून गेला होता, आणि तोंड दाखवायला लाज वाटते म्हणून बहिणीच्या लग्नालाही आला नाही. तो तिकडेच वारला. ताईशी तो नंतर कधी नीट बोलला नाही, हे मी तिच्याच तोंडून ऐकलं आहे.

कारण मी तिच्याकडे गेलो होतो. निवृत्त झाल्यावर, मनाशी सगळी वाक्यं जुळवून, छिंदवाड्याची बस धरून गेलो. ती म्हातारी झाली होती, डोळ्यांचं ऑपरेशन झालेलं, पण आवाजावरून तिनं मला ओळखलं. नातीला हाक मारून चहा ठेवायला लावला. मी सुरुवात केली की, ताई, ती मशीन... आणि तीच हसली. नातीला म्हणाली, “हा अशोकचा दोस्त. एका चोट्ट्यानं दोघांलेही फसवलं होतं. अशोक तं जन्मभर मनाले लावून बसला. याले बिचाऱ्याले तरी काय मालूम होतं?” नात माझ्याकडे कौतुकानं पाहत होती. चहा आला, चांगल्या कपात, बशीसह. मी तो प्यालो, यंदा संत्र्याला भाव बरा आहे असं काहीतरी म्हणालो, आणि तिच्या पाया पडून निघालो. ती म्हणाली, येत जा. त्यानंतर दोनदा गेलो. दोन्ही वेळा चहा पिऊन आलो.

या हिवाळ्यात ती गेली. पुण्यानुमोदनाच्या शोकसभेत तिचा मुलगा मला हाताला धरून पुढं घेऊन गेला, मामाचे मित्र म्हणून दोन शब्द बोलायला सांगितलं. मी उभा राहिलो, ती फार कष्टाळू होती असं बोललो आणि खाली बसलो. घरी येऊन हे लिहायला घेतलं. छिंदवाड्याच्या बसमध्ये तिन्ही वेळा जुळवलेली वाक्यं फार नव्हती. शेवटी ती इतकीच उरली होती:

ताई, मले मालूम होतं. मशीन मी पाहिली नव्हती. तुमची सायकल मी घालवली, अशोकनं नाही. त्याच्यावर राग ठेवू नका, आणि जमलं तं मले माफ करजा.